शिंगांचा रंग आणि दाजींची बंदूक

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू जशी आली तशी राहू दिलेली नाही. दुकानातून घरी येईपर्यंत ती वस्तू कंपनीची असते. उंबरा ओलांडला की दाजींची होते, आणि संध्याकाळी ती बनवणाऱ्याला नेऊन दाखवली तर तो हात जोडून म्हणेल, की ही आमची नव्हे. त्यांच्या सायकलला स्कूटरचं सीट आहे, स्कूटरला ट्रॅक्टरचा भोंगा आहे, आणि घरातला टेबलफॅन टेबलावर उभा न राहता दावणीला बांधल्यासारखा खांबाला बांधलेला असतो, कारण मोकळा सोडला तर तो स्वतःच्या वाऱ्याने मागे मागे सरकतो. अक्काच्या कुकरला त्यांनी बसवलेली शिट्टी वाजली, की शेजारच्या मळ्यातल्या बाया जेवणाची सुट्टी झाली समजून खुरपी खाली ठेवतात. लग्नात मला सासऱ्यांनी घड्याळ दिलं होतं. ते दाजींनी ‘जरा बघू’ म्हणून मनगटावरून उतरवून घेतलं आणि तीन दिवसांनी परत दिलं. वेळ ते अगदी अचूक दाखवायचं, पण टिकटिक एवढी मोठी झाली होती, की मी फळ्याकडे तोंड करून उभा असलो तरी मागच्या बाकावरची पोरं सेकंद मोजत बसायची.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. घराणं मूळचं मेंढरांमागचं. त्यांच्या वडिलांनी जन्मभर मेंढ्या राखल्या आणि दाजी घरातले पहिले नोकरदार निघाले. अंकुशनगरला साखर कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून सगळी नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर वडीगोद्रीजवळच्या आपल्या मळ्यात राहायला आले. माणूस उंचीने बेताचा, बोलायला त्याहून बेताचा. सदऱ्याच्या खिशाला लोक पेन लावतात. दाजी एक वीतभर कानस लावतात. लग्न असो, मयत असो, कानस खिशात असतेच. जेवायला बसले की आधी ताटाचा काठ अंगठ्याने चाचपतात आणि कुठे बोचला तर वरण येईपर्यंत तो घासून गुळगुळीत करतात. जगातल्या सगळ्या दुःखाचं मूळ त्यांच्या मते एकच आहे, बनवणाऱ्याने घाई केली. त्यामुळे कुठलीही गोष्ट समोर आली, की त्यांच्या तोंडून दोनच शब्द निघतात: ‘बराबर न्हाई.’ पोरीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी नापास केलं नाही, पण तो उठून गेल्यावर म्हणाले, की पोरगं चांगलं आहे, फक्त डावा पाय टाकताना बराबर न्हाई. तो मुलगा आज त्यांचा जावई आहे, दोन लेकरांचा बाप आहे, आणि अजूनही सासऱ्यांच्या अंगणात आला की शाळेच्या संचलनात चालल्यासारखा चालतो. ‘बराबर हाये’ असं त्यांनी कशाला म्हटलेलं मी तरी तीसेक वर्षांत ऐकलं नव्हतं.

अशा माणसाच्या आयुष्यात बंदूक आली ती टेंभुर्णीच्या एका लग्नात. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि माझ्या शेजारचं पान रिकामंच. दाजी बेपत्ता. शोधत गेलो तर मांडवामागच्या घराच्या गोठ्यात एका म्हाताऱ्यासमोर उभे, हात मागे बांधून. सगळे त्या म्हाताऱ्याला तात्या म्हणत होते. तात्या माळ्यावरच्या कडब्याच्या पेंढ्या एका लांब, काळ्या वस्तूने खाली ओढत होते आणि दाजी त्या वस्तूकडे डोळे लावून उभे होते. मला वाटलं पहार असेल. जवळ गेल्यावर कळलं, की ती बंदूक आहे. रीतसर परवान्याची, आज्यापासून घरात चालत आलेली.

त्या बंदुकीची हकिगत तात्यांनी कडबा ओढता ओढताच सांगितली. मूळची ती लष्करातली रायफल. इंग्रजांच्या काळात तिच्या नळीतला पीळ काढून नळी आतून गुळगुळीत केली, म्हणजे गोळी जाऊन छर्‍याचं काडतूस आलं, आणि ती पोलिसांच्या खांद्यावर गेली. पुढे निकालात निघाली, लिलावात तात्यांच्या आज्याने घेतली. पुढच्या दोन पिढ्यांनी मग तिला आपल्या गरजेप्रमाणे वळण लावलं. रानडुकरांच्या राखणीसाठी नळीवर सायकलच्या क्लिपांनी बॅटरी आवळली. मूळचा पट्टा तुटल्यावर बैलाच्या गळ्यातला चामडी पट्टा लावला. जमिनीला टेकवून टेकवून दस्ता झिजायला लागला म्हणून त्याला बैलाच्या पायाची नाल ठोकली. दाजींचा चेहरा मला आजही आठवतो. आपल्यापेक्षा मोठे कारागीर त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटले होते, आणि त्यांनी केलेलं काम पाहून त्यांना रडू येत होतं.  परतीच्या एसटीत जालना आलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाले, “मास्तर, ती मूळची कशी असंल हो?”

झालं. दाजींना रानडुकरांचा त्रास होता हे खरं आहे. आमच्याकडे डुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, मक्याचं काय करतात ते मका लावणाऱ्याला विचारावं. पण डुकरं आधीही येत होती आणि दाजी पत्र्याचा डबा वाजवून त्यांना हाकलत होते. टेंभुर्णीहून आल्यावर मात्र डुकरांचा प्रश्न एकदम गंभीर झाला. पीकसंरक्षणासाठी शस्त्रपरवाना मिळावा असा अर्ज मीच लिहून दिला. दीड वर्ष तो अर्ज इकडून तिकडे फिरला. चौकशीला एक जमादार मळ्यात आले आणि दाजींना विचारलं, की कुणाशी वैर आहे का. दाजी म्हणाले, डुकरांशी. जमादारांनी ते लिहून घेतलं. मग दाजींचं लक्ष जमादारांच्या मोटारसायकलच्या स्टँडकडे गेलं, आणि चौकशी दोन तास लांबली. जाताना गाडी खांबासारखी सरळ उभी राहत होती, आणि अर्जदार शांत स्वभावाचा असल्याचा शेरा आला.

परवाना आला तेव्हा तात्यांची नजर गेली होती आणि गोठाही रिकामा झाला होता. त्यांची बैलजोडी त्याच उन्हाळ्यात थकून बसली. नातवाला बैलांवर शेती करायची हौस. इकडे दाजींच्या मळ्यात नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने व्हायला लागल्यापासून हरण्या आणि शेऱ्या दावणीला नुसते उभे असायचे. पुढचं सांगायला नकोच. कागदोपत्री बंदुकीची विक्री वेगळी झाली आणि बैलांची वेगळी, सगळं कायदेशीर. पण मळ्यातून टेंभुर्णीला जोडी गेली आणि टेंभुर्णीहून मळ्यात बंदूक आली, हे कुणाच्या नजरेतून सुटलं नाही. अक्काच्या तर नाहीच. हरण्या आणि शेऱ्या तिने वासरं असल्यापासून वाढवलेले. दर पोळ्याला हरण्याच्या शिंगांना हिरवा आणि शेऱ्याच्या शिंगांना तांबडा रंग ती स्वतःच्या हाताने लावायची. दुसऱ्या कुणी लावलेला हरण्या पुसून टाकतो असं तिचं म्हणणं. जोडी गेली त्या दिवशी ती काही बोलली नाही. पुढचे आठ दिवसही बोलली नाही. दाजींना चहा हवा असला तर ते जालन्याला मला फोन करायचे आणि मी अक्काला फोन करून सांगायचो, की अक्का, ओसरीवर चहा पाहिजे म्हणे. आठव्या दिवशी ती मला म्हणाली, “बापू, लोकं जोडी देऊन जमीन आणतात. ह्यांनी काठी आणली.”

दाजी मात्र काठीला देवपण द्यायला बसले होते. आतल्या यंत्राची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करायची असते, म्हणून ती संभाजीनगरच्या एका म्हाताऱ्या बंदूकवाल्याकडून करून आणली. बाकीची साफसफाई आपल्या हाताने. ओसरीवर वडिलांची जुनी घोंगडी अंथरली, तिच्यावर एकेक भाग मांडला आणि कामाला लागले. बॅटरी काढली, पट्टा काढला, नाल काढून जिथली तिथे म्हणून गोठ्याच्या खिळ्याला टांगली. लोखंडाला तेल कुठलं लावायचं याचा त्यांनी चार दिवस विचार केला आणि शेवटी भावकीतून मेंढीची न धुतलेली, ओशट लोकर मागवली. त्यांचे वडील लोकर कातरायच्या कात्रीला तीच चोळायचे आणि ती कात्री तीन पावसाळे उघड्यावर पडूनही गंजली नाही, असा त्यामागचा आधार. गुण आला की नाही ठाऊक नाही, पण बंदुकीला मेंढ्यांचा असा काही वास सुटला, की मळ्यातलं कुत्रं तिच्या राखणीला बसायला लागलं. लाकडाला जवसाचं तेल. पुट चढवायचं, वाळू द्यायचं, पुन्हा चढवायचं. अक्काने चटणीसाठी आणून ठेवलेले जवस संपले, मग शेजारणीकडचे संपले. रोज काम आटोपलं, की लोखंड कपाटात कुलूपबंद आणि लाकूड तेवढं ओसरीवर वाळत, असा क्रम पावसाळाभर चालला. नळीच्या खाली लाकडाला पुढच्या बाजूला बारीक खड्ड्यांची एक ओळ होती, उंदराने कुरतडल्यासारखी. ते खड्डे भुशाने भरून, घासून लाकूड आरशासारखं करायचं हे शेवटचं काम त्यांनी पोळा झाल्यावर करायला ठेवलं होतं. गंमत म्हणजे इतकं होऊनही मक्यात डुकरं आली की दाजी पत्र्याचा डबाच वाजवायचे. बंदूक चालवली तर नळी काळी होईल ना.

आणि पोळा आला. बैल नसलेल्या घरात मातीचे बैल पुजतात, पण अक्का म्हणाली, की इतकी वर्षं खऱ्या शिंगांना रंग लावला, आता मातीच्या ढेकळाला लावणार नाही. रंगाचे डबे मात्र कोनाड्यात होते, गेल्या वर्षीचे, अर्धे अर्धे. दुपारी दाजी काही कामाने वडीगोद्रीला गेले. तेवढ्यात अक्काने पुरण शिजायला टाकलं, डबे खाली काढले, आणि घोंगडीवर वाळत पडलेल्या त्या लाकडाला डावीकडून हिरवा आणि उजवीकडून तांबडा रंग दिला. शेंड्यापासून दस्त्यापर्यंत, हात राखून नाही. वरून बेगडाच्या चांदण्या चिकटवल्या. हळदकुंकू लावलं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. सणाला म्हणून मी तिथेच होतो. अडवायला हवं होतं, पण मला वाटलं हेही दाजींनीच सांगितलं असेल. त्या घरात काहीही असू शकतं.

दाजी आले, चपला काढल्या आणि ओसरीच्या पायरीवरच थबकले. बारा पुटं जवसाच्या तेलाची, आणि वर शिंगांचा रंग.  अक्का पदराला हात पुसत बाहेर आली. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच मला अवघड वाटलं. ती म्हणाली, “जोडीच्या जागी हीच आली न्हाई का घरात? मंग पोळ्याचा मान हिचाच हाये.”

 दाजी पुरणपोळी न खाता उठले. रंग लगेच खरवडला तर लाकूड ओरबाडेल, तो पक्का वाळल्यावर काढू, असं म्हणून त्यांनी लाकूड बाजूला ठेवलं आणि सगळा राग लोखंडावर काढला. तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ कानस आणि पॉलिश पेपर. गंजाने पडलेला एक खड्डा म्हणून ठेवला नाही. राग आला की दाजी चष्मा लावत नाहीत, ही त्यांची जुनी खोड आहे. बोटाला लागेल तेवढं घासायचं. शेवटी लोखंड असं चकाकायला लागलं, की अक्काने त्यात बघून टिकली सारखी केली.

पुढे निवडणूक लागली. आचारसंहिता आली, की परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करावी लागते, आणि रंग खरवडायचा तर अजून राहिलाच होता. दाजींनी बंदूक जोडली, लाजेखातर उशीचा अभ्रा चढवला, आणि मला सोबतीला घेतलं. ठाण्यात जमा-नोंदीचं काम बघणारे हवालदार वयाने प्रौढ, चष्मा नाकाच्या टोकावर. अभ्रा निघाला आणि सगळं ठाणं उठून बघायला आलं. हिरवी-तांबडी, चांदण्या लावलेली, मेंढ्यांच्या वासाची बंदूक त्या टेबलावर पहिल्यांदाच येत होती. एकाने विचारलं, की वरातीतून आणली का. हसून झाल्यावर हवालदारांनी परवाना उघडला, त्यातला नंबर वाचला आणि बंदुकीवरचा नंबर शोधायला लागले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, भिंग मागवलं. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, “काका, हिच्यावर नंबर कुठंय?”

नंबर नव्हता. नळीच्या मुळाशी असायला हवा तो नव्हता, बोल्टवर, म्हणजे मागच्या सरकत्या खिट्टीवर, असायला हवा तोही नव्हता. गंजाचे खड्डे म्हणून दाजींनी जे जे काही घासलं, त्यात ठोकलेला नंबरही धुऊन निघाला होता. जन्मभर माप बघणाऱ्या माणसाने आकड्याकडे कधी बघितलंच नव्हतं. हवालदारांनी शांतपणे समजावून सांगितलं, की नंबर घासलेली बंदूक जवळ असणं हा गुन्हा आहे. ही बंदूक परवान्यातलीच आहे हे सिद्ध झालं नाही तर ती जप्त होईल, शेवटी भट्टीत जाईल, परवानाही जाईल, आणि गुन्हा नोंदवायचा की नाही ते साहेब ठरवतील. चार दिवसांत लेखी खुलासा द्यायला सांगितला. बंदूक तिथेच राहिली. रिकामा अभ्रा घेऊन आम्ही बाहेर पडलो.

त्या चार दिवसांत मी दाजींना जसं पाहिलं तसं आधी कधी पाहिलं नव्हतं. खुलासा मीच लिहायला बसलो. त्यात त्यांनी एकाच गोष्टीचा आग्रह धरला, की घासकाम सगळीकडे सारखं झालंय हे लिहा. मी म्हटलं, दाजी, हाच तर आपला गुन्हा आहे.  थोड्या वेळाने खिशातली कानस काढून त्यांनी देवळीत ठेवली. रिकाम्या खिशाचे दाजी मला कुणी परकेच वाटायला लागले. जेवण दोन घासांवर आलं. अक्का स्वयंपाकघरात आहे याची खात्री करून ते हळूच म्हणाले, “बंदुकीचं न्हाई हो मास्तर. तिची जोडी म्या हिच्यापायी दिली. आता हीबी गेली, तर मी तिला काय तोंड दाखवू?”

मला त्यांचा मनापासून कळवळा आला. मी संभाजीनगरच्या त्या बंदूकवाल्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं, पोट धरून हसला आणि म्हणाला, की असल्या जुन्या रायफलींच्या लाकडावरही नंबर ठोकलेला असतो, नळीच्या खाली, पुढच्या बाजूला. तो तरी शाबूत आहे ना? मी दाजींना विचारलं. दाजींना ती एकदम आठवली. उंदराने कुरतडल्यासारखी ती खड्ड्यांची ओळ. भुशाने भरून घासायला ठेवलेली. अक्काने रंग दिला नसता, तर तीन आठवडे जो हात लोखंडावर चालला तो आधी लाकडावर चालला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तर अक्का आधीच लुगडं बदलून तयार, हातात डिझेलची बाटली आणि चिंधी. रंग मी लावला, तो मीच काढीन, एवढंच म्हणाली. ठाण्यात हवालदारांनी बंदूक टेबलावर ठेवली, दोन माणसं साक्षीला बोलावली. अक्काने चिंधी भिजवली आणि दाजींनी बोट ठेवलं तिथे हलक्या हाताने पुसायला लागली. दोन बोटांएवढी जागा मोकळी झाली. वरचा हिरवा रंग निघाला, पण खड्ड्यांत मुरलेला निघाला नाही, आणि पिवळट लाकडावर हिरवे आकडे एकेक करून असे उमटले, की भिंगाची गरजच उरली नाही. हवालदारांनी परवान्यातला नंबर मोठ्याने वाचला. दाजींनी चष्मा लावून लाकडावरचा वाचला. शेवटचा आकडा जुळल्यावर त्यांनी चष्मा पुसून सगळा नंबर पुन्हा एकदा वाचला. पंचनामा झाला, जुन्या नोंदी तपासल्या गेल्या, आणि पुढे परवानगीने त्याच बंदूकवाल्याकडून लोखंडावर नंबर पुन्हा ठोकून घेतला. निवडणूक संपल्यावर बंदूक घरी आली. हवालदार अक्काला म्हणाले, की मावशी, तुमच्या रंगानं वाचली बघा ही. अक्का म्हणाली, “रंग माझा न्हाई, हरण्याचा हाये.”

घरी आल्यावर दाजी आता उरलेला रंग खरवडतील असं मला वाटलं होतं. दर भेटीत विचारायचो आणि दर वेळी नवं कारण मिळायचं. हवा दमट आहे. पेपर चांगला मिळत नाही. हात मोकळा नाही. मग मी विचारणं सोडलं. कानस खिशात परत आली, ताटांचे काठ पुन्हा घासले जायला लागले, जावई पुन्हा सरळ चालायला लागला. फक्त कपाटातल्या त्या एका वस्तूकडे कानस वळली नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात टेंभुर्णीहून तात्यांच्या नातवाचा फोन आला, की हरण्या गेला. म्हातारा झालाच होता. सकाळी उठलाच नाही, त्रास काही झाला नाही. अक्काने ऐकलं आणि म्हणाली, की बरं झालं कळवलंत. पोळा जवळ आला तेव्हा तिने मला सांगून टाकलं, की बापू, यंदा पुरण घालणार नाही, तू उगीच येऊ नको. मी अर्थातच गेलो. जाऊन बघतो तर ओसरीवर घोंगडी अंथरलेली, तिच्यावर ते लाकूड, आणि दाजी हिरव्या रंगाच्या डब्यात काडी फिरवत बसलेले. रंग नवा होता. त्यांनी तो स्वतः जालन्याला जाऊन आणला होता, आणि मला भेटायलाही आले नव्हते. नंबराची ती दोन बोटं जागा त्यांनी कागद चिकटवून झाकली होती. कुंचला हातात घेतला आणि दाराकडे न बघता विचारलं, “हरण्या कोणत्या अंगाला होता गं?”

इतकी वर्षं दोन्ही बैल आपल्या हाताने जुंपलेला माणूस. कारखान्यातल्या यंत्राचं माप झोपेत सांगेल असा. अक्का दारात येऊन उभी राहिली.  मग म्हणाली, “डाव्या.” आणि आत गेली. थोड्या वेळाने डाळ निवडल्याचा आवाज यायला लागला.

दाजींनी डावी बाजू रंगवली. ज्या हातांनी लोखंडावर केसभर फरक राहू दिला नाही, त्या हातांनी कुंचला काही नीट चालेना. वय झालं आहे आता. मध्येच रंग जास्त झाला आणि एक ओघळ खाली तांबड्या बाजूवर उतरला. मी सवयीने म्हटलं, दाजी, ओघळ आला, पुसून घ्या. ते त्या ओघळाकडे बघत राहिले. खिशातल्या कानसेकडे त्यांचा हात गेला नाही.

“राहू द्या मास्तर,” ते म्हणाले. “बराबर हाये.”